लूप आणि मागची पडवी

तलासरीच्या आरोग्य केंद्रात मी रुजू झाले, त्यानंतर थोड्याच दिवसांत लूप आला. त्याआधी आमच्याकडे कुटुंबनियोजन म्हणजे भिंतीवर लावलेली दोन चित्रं आणि कपाटात पडून राहिलेल्या गर्भरोधक जेलीच्या ट्यूबा. लूप ही पांढऱ्या प्लास्टिकची नागमोडी वस्तू, टोकाला दोरा. ती सरळ करून नळीत ओढून घ्यायची, नळी गर्भाशयात सरकवायची आणि दट्ट्या दाबायचा. आत गेल्यावर लूप पुन्हा आपला वळणावळणाचा आकार धरतो. काम एवढंच. शिकायला सोपं, आणि चुकलं तर बाईला फार त्रास.

आमच्या घरात मी पहिली पदवीधर. वडील तालुक्याच्या गावी शिंपीकाम करत. आईला सही येत नव्हती. नगरपालिकेच्या शाळेतल्या विज्ञानाच्या मास्तरांनी मला घरी बसवून इंग्रजी शिकवलं, आणि मेडिकलला जायचं म्हटल्यावर तेच वडिलांची समजूत घालायला दुकानात येऊन बसले. हे मी कधी विसरले नाही. त्यामुळे मुंबईच्या एका रुग्णालयातले निवासी डॉक्टर माझ्या केंद्रात लूप शिकायला येणार असं कळलं, तेव्हा मला अंग चोरावंसं वाटलं आणि आनंदही झाला. मोठ्या कॉलेजात शिकलेल्या मुलांना मी शिकवणार होते. मला जे मिळालं ते पुढे द्यायची ही संधी आहे, असं मी मनात धरलं.

त्यांना इकडे पाठवण्याचं कारण साधं होतं. रुग्णालयात बाई आजारी म्हणून येते. आमच्याकडे ती धडधाकट येते, टेबलावरून उतरून आपल्या पायांनी घरी जाते, आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागते. धडधाकट बाईला हात लावायचा तर वेगळं शिकावं लागतं.

आलेल्यांपैकी एकाबद्दल मी लिहिते आहे. उंच, सडपातळ, अतिशय सभ्य मुलगा. बायकांशी बोलताना त्याचे कान लाल होत. पहिले काही दिवस मी त्याला बाईच्या जवळ जाऊ दिलं नाही. ताडी ठेवतात तसला एक सुकलेला भोपळा आमच्या सिस्टरनी गावातून आणला होता. अरुंद मानेचा, आतून पोकळ. ओसरीत बसून त्याने त्या भोपळ्याच्या तोंडातून गर्भाशयाची खोली मोजायची सळई आत घालायची, तळ लागला की थांबायचं, खोली सांगायची. तळ लागल्याचं बोटांना कळलं पाहिजे, डोळ्यांना नाही.

"डॉक्टर, भोपळा ओरडत नाही म्हणून एवढं दाबायचं नसतं," सिस्टर म्हणायच्या. त्या वयाने आमच्या दोघांपेक्षा मोठ्या, आणि तोंडाने फटकळ.

ओसरीत बसलेल्या बाया हे बघत. एकदा एकीने दुसरीला विचारलं, "दागतर काय करतं गं?"

"भोपळ्याला लूप बसवतं."

"बरं झालं. लय वेल माजलेत आमच्या दारात."

सगळ्या हसल्या. तोही हसला, आणि त्या दिवसापासून त्याचे कान लाल व्हायचे थांबले. मग मी त्याला टेबलापाशी उभं केलं. लूप आयोडीनच्या पाण्यातून काढायचा, अगदी आयत्या वेळी नळीत भरायचा, कारण नळीत फार वेळ राहिला तर आकार विसरतो. बाईला आधी सांगायचं, मग हात लावायचा. सांगताना तिच्याकडे बघायचं. तो नीट शिकला. त्याचा हात हलका होता.

तलासरीकडच्या बाया लूपबद्दल एकच गोष्ट विचारत: गवत कापायला जाता येईल का? हो म्हटलं की त्या टेबलावर चढत. रक्त जाईल असं सांगितलं तर मान हलवत. त्यांच्या घरी रक्ताचं काय होत असे, मी विचारलं नाही. त्याही काही बोलल्या नाहीत.

आठवड्यातून एक दिवस आम्ही जीपने डहाणूला जात असू. तिथे एका दवाखान्याच्या दोन खोल्या आम्हाला मिळत. किनाऱ्याकडच्या गावांतून बायका येत, वाड्या असलेल्या घरांतल्या. चिकू, नारळ, भाजीपाला, थोडं भात. नीटनेटकी लुगडी, केसांत फूल. बरोबर सासू किंवा नणंद असायची.

त्यांतलीच एक ही बाई. मी तिला आधीपासून ओळखत होते. तिच्या शेवटच्या बाळंतपणाला मला तिच्या घरी बोलावलं होतं. मूल झालं होतं, वार अडकली होती, आणि खाटेखाली रक्ताचं थारोळं झालं होतं. मी हात घालून वार काढली. तिची नखं चुन्यासारखी पांढरी पडली होती. सासू उशाशी कंदील धरून उभी होती, शेवटपर्यंत. निघताना मी दोघींना सांगितलं, की पुढचं बाळंतपण हिला झेपणार नाही. झेपणार नाही म्हणजे ही जाईल. सासूने विचारलं, "मग काय करायचं?" मी म्हटलं, काही निघालं तर कळवते.

लूप आल्यावर मी निरोप पाठवला. सासू स्वतः सुनेला घेऊन आली. हे मी मुद्दाम लिहिते आहे. पुढे जे झालं ते वाचून कुणाला सासू दुष्ट वाटेल. ती तशी नव्हती.

लूप त्या निवासी डॉक्टरने बसवला. माझ्या देखत, बिनचूक. बाईने फक्त एकदा ओठ आवळले. उठून बसल्यावर तिने विचारलं, "रक्त जाईल?"

"थोडं जाईल काही दिवस," तो म्हणाला. "पाळीसारखंच. घाबरायचं काही कारण नाही."

आम्ही सगळेच तसं सांगत होतो. छापील सूचनेतही तसंच होतं. बाईला धीर यावा, परक्या गोष्टीला ओळखीचं नाव मिळावं, म्हणून. सासू पडद्याच्या पलीकडे उभी होती. तिने ते ऐकलं, मान डोलावली, आणि दोघी बैलगाडीत बसून गेल्या.

पुढच्या वेळी त्या आल्या तेव्हा थंडी पडली होती. डहाणूला समुद्राकडून वारं सुटलं की सकाळी बोटं आखडतात. बाकावर बायकांची दाटी होती. सासू मुलाला कडेवर घेऊन आत आली. दीड वर्षांचं असेल, टोपडं, झबलं, वरून शाल. खोकत होतं. सून मात्र बाहेर पायरीवर बसून राहिली. तिच्यापासून हातभर अंतरात कुणीच नव्हतं.

"तिला आत बोलवा," मी म्हटलं.

"कशी बोलवू? बाहेरची आहे ती," सासू म्हणाली.

"अजून?"

"तुमचा लूप बसवला त्या दिवसापासून. मधे एकदा थांबलं. न्हायली, घरात घेतली, चुलीला हात लावला, आणि संध्याकाळी पुन्हा सुरू. सगळी चूल पुन्हा सारवली मी. तेव्हापासून मागच्या पडवीत आहे."

निवासी डॉक्टर हात पुसत उभा होता. सासू त्याला म्हणाली, "दादा, तुम्हीच म्हणालात ना, पाळीसारखंच म्हणून? मी पडद्यापाशीच होते."

"काकू, मी ते आपलं समजावं म्हणून..."

"समजलंच की आम्हाला."

मी त्याला गप्प राहायची खूण केली आणि सासूला आतल्या खोलीत नेलं. तिला सांगितलं, की हे पाळीचं रक्त नाही. आत नवीन वस्तू गेली आहे, तिथे कातडीला खरचटतं, त्याचं हे रक्त. पायात काटा रुतला तर येतं तसं. ते विटाळाचं नाही. जखमेचं आहे. हिला घरात घ्या.

ती ऐकत राहिली. मूल तिच्या खांद्यावर खोकत होतं.

"जखम आहे तर औषध लावून बरी करा."

"आपोआप बरी होते. थोडे दिवस द्यावे लागतात."

"किती दिवस?"

"महिना. कधी त्याहून जास्त."

"घरात माझ्या मुलीचं लग्न आहे. पापड व्हायचेत, जात्याची पूजा व्हायची आहे, पाहुणे येतील. मोठी सून कुठे आहे म्हणून विचारतील. पडवीत आहे म्हणून सांगू? महिनाभर? काय झालंय हिला, असं नाही म्हणणार?"

"जखम झालीय म्हणून सांगा."

"कुठे, असं विचारलं तर?"

मला हसू आलं नाही. तिलाही नाही. ती थोडी पुढे झुकली.

"बाई, तुमच्याकडे बसतात का बाजूला?"

"लहानपणी बसत होते. आता नाही."

"आता तुम्ही सरकारी क्वार्टरमध्ये एकट्या राहता. कोण बघतंय? आमच्या घरात देव आहेत, दीर आहेत, जावेचं घर भिंतीला भिंत लावून आहे. मला पटलं हो तुमचं. मला एकटीला पटून काय उपयोग?"

मी नवऱ्याच्या नसबंदीच्या शस्त्रक्रियेचं सुचवलं. त्याला दवाखान्यात अर्धा तास पुरे होतो, म्हटलं.

"तो नारळावर चढतो. त्याला काही झालं तर?"

"काही होत नाही त्याने."

"हिलाही काही होत नाही म्हणाला होतात."

दोन्ही खोल्यांची दारं उघडीच होती. तेवढ्यात पायरीवरून आवाज आला. हळू, पण स्पष्ट. "काढा, बाई."

मी बाहेर गेले आणि तिच्याशेजारी पायरीवर बसले. ती सवयीने सरकली. मी तिचा दंड धरला तेव्हा ती थांबली. बाकावरच्या बायका बघत होत्या.

"मागच्या वेळी काय झालं ते आठवतंय ना तुला?"

"मी होते की तिथं."

"मग?"

ती समुद्राच्या बाजूला बघत बोलली. "तो अंगावर पितो अजून. कपड्यासकट माझ्याकडे देता येत नाही, कपडे विटाळतात. म्हणून सासूबाई त्याला नागडा करून माझ्याकडे देतात. प्यायला की परत नेऊन कपडे घालतात. पहाटे आणतात तेव्हा थंडगार असतो. पडवीला वारा लागतो, माझ्याकडे एक घोंगडी, त्यातच गुंडाळते." ती थांबली. "आता त्याला कळलंय. कपडे काढले की आई मिळते. दिवसा खेळता खेळता झबलं ओढून काढतो आणि पडवीकडे पळत येतो. किती वेळा घातलं तरी काढतो."

आत मूल पुन्हा खोकलं.

"काढा," ती पुन्हा म्हणाली. "नाहीतर हाच जायचा खोकून."

मी शिकायला आलेल्या प्रत्येकाला सांगत असे, की बाईने दोनदा मागितलं की काढायचा. वरचे लोक म्हणत, समजूत घाला, वेळ काढा. मी समजूत घातली होती.

मी निवासी डॉक्टरला काढायला सांगितलं. त्याने चिमट्यात दोरा धरला आणि न थांबता, सावकाश, सरळ रेषेत ओढला. लूप बाहेर आला, ट्रेमध्ये पडला आणि तिथेही त्याने आपला आकार धरला. मी त्याला "शाबास" म्हटलं. ते हाताच्या कामाला होतं.

जाताना मी तिला जेली दिली आणि कशी वापरायची ते सांगितलं. तिने ट्यूब उलटसुलट करून बघितली. "ही कुठे ठेवू?" तिने विचारलं. मोठ्या घरात तिच्या एकटीची अशी जागा नव्हती. तरी तिने ती पदरात गुंडाळून घेतली. दोघी गाडीकडे गेल्या, सासू पुढे मुलाला घेऊन, सून मागे काही पावलं ठेवून.

परतताना जीपमध्ये तो म्हणाला, "मॅडम, माझी आईसुद्धा बसते. चाळीतल्या खोलीत, दाराजवळच्या कोपऱ्यात. लहान असताना मलाही असंच तिच्याकडे देत असतील."

"माझी आईही बसायची," मी म्हटलं.

आम्हा दोघांच्याही घरी हे पाळलं जात होतं. आम्ही परके असतो, परदेशातून आलेलो, तर विचारलं असतं की पाळीत तुम्ही कुठे असता, काय करता. आम्हाला विचारायची गरजच वाटली नाही. इतकं आमचंच होतं ते, की पाळी हा शब्द बोलताना त्याच्याबरोबर एक पडवी येते हे आम्हाला दिसलं नाही.

"पुढच्या बाईला काय सांगू?" त्याने विचारलं.

"जखमेचं रक्त."

"शास्त्राला धरून आहे?"

"जवळपास."

त्यानंतर आम्ही तसंच सांगू लागलो. सासूला, नणंदेला, जी कोण बरोबर असेल तिलाही आत बोलावून सांगू लागलो. काही घरांत चाललं, काही घरांत नाही. तो मुलगा शिकून मुंबईला गेला, दुसरे आले. भोपळ्याला एक चीर गेली, सिस्टरनी दुसरा आणला. लूप बसवणं, तपासणं, काढणं. माझी बोटं आयोडीनने पिवळी झाली होती आणि तशीच राहिली. त्या दिवसांतले चेहरे मला आठवत नाहीत. हात आठवतात, टेबलाच्या कडा घट्ट धरणारे.

नणंदेच्या लग्नानंतर काही महिन्यांनी ती मोठी सून आली. दिवस गेले होते. तिने सांगायच्या आधीच मला कळलं. मी रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. बाळंतपण घरी करायचं नाही, कळा सुरू होण्याच्या आधीच डहाणूला इस्पितळात आणून ठेवायचं, असं सासूला बजावलं. सासू हो म्हणाली आणि तिचा तसा विचार पक्का होता. तिने इस्पितळाजवळच्या एका नातेवाइकांकडे खोलीही बघून ठेवली होती. पण सून दिवस भरायच्या आधीच अडली. पावसाचे दिवस होते. ओहोळाला पाणी होतं, गाडी पलीकडे जाईना. निरोप आमच्यापर्यंत यायला वेळ लागला आणि जीप अर्ध्या वाटेवर थांबली. मी उरलेली वाट चालत गेले. पोचले तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. मुलगी झाली होती, ती जगली. वार या वेळीही अडकली होती.

मला रडू आलं नाही. मी सुनेची नाडी बघितली, डोळे बघितले, कारण ते बघायचंच असतं. मुलीची नाळ नीट बांधली आहे का ते बघितलं. सासू भिंतीला टेकून बसली होती. दुसऱ्या दिवशी तलासरीला केंद्र उघडं होतं. बायका आल्या होत्या. मी त्यांना तपासलं. सिस्टरनी चहा करून दिला तो मी प्यायले. त्याला चव होती का, कुणास ठाऊक. पुढे बरेच महिने हे असंच चाललं. मी कामात काही चूक केली नाही. कुणी म्हटलं नाही की बाई बदलल्या. मला वाटतं, त्या केंद्रात काम करायचं तर याहून जास्त वाटून घेऊन चालणार नव्हतं.

नंतरच्या एका थंडीत, डहाणूच्या त्याच खोल्यांत, सासू पुन्हा आली. केस सगळे पांढरे झाले होते. बरोबर धाकटी सून, जिला पहिलं मूल झालं होतं. तिलाही बाळंतपणात त्रास झाला होता आणि इतक्यात दुसरं नको होतं. शिकायला आलेल्यांत त्या वेळी एक मुलगी होती, गोरीपान, नुकतीच पास झालेली. मी शिकवलं होतं तसं तिने सासूलाही आत घेतलं आणि बोलायला सुरुवात केली. "आजी, लूप बसवल्यावर थोडं रक्त जाईल, पण ते पाळीचं नसतं बरं का..."

"मला नका सांगू, बाळ," सासू म्हणाली. "कसलंही जाऊ दे. माझ्या घरात आता कुणी बाजूला बसत नाही."

सिस्टर ट्रे लावत होत्या, त्या थांबल्या. "पाळीत पण नाही?"

"पाळीत पण नाही."

बाहेरच्या बाकावरून एक ओळखीची बाई डोकावून म्हणाली, "काकी, देव आहेत ना तुमच्या घरात?"

"आहेत. ते बसलेत तिथंच बसलेत," सासू म्हणाली. "तू तुझा नंबर धर."

त्या मुलीने लूप बसवला. थोडा वेळ लागला, पण नीट बसला. धाकटी सून टेबलावरून उतरली तेव्हा तिचे पाय कापत होते आणि घोट्यापर्यंत रक्ताची एक बारीक रेघ आली होती. ती घाईने लुगडं खाली ओढू लागली. सासूने वाकून आपल्या पदराने ती पुसली. मग सुनेच्या काखेत हात घालून, तिचं वजन आपल्या अंगावर घेऊन, बाकावरच्या सगळ्या बायकांच्या समोरून तिला गाडीपर्यंत नेलं.

मी दारात उभी राहून बघत होते. सासूने मागे वळून एकदा माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुसरंही काही नव्हतं. गाडी हलली. आत मुलगी पुढचा लूप पाण्यातून काढू का म्हणून विचारत होती. मी तिला म्हटलं, आत्ता नको, बाई टेबलावर आली की काढ.